दुसऱ्या रिमोटला ‘स्टार्ट’ नव्हतं

श्रीरामपूरहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. मुलगा आठ वर्षांचा. शाळेतून आला की दप्तर फेकतो, आईचा मोबाईल घेतो आणि कोपरा धरून रणगाड्यांची लढाई खेळत बसतो. हाक मारली तर ओ देत नाही. मोबाईल काढून घेतला तर ताटावरून उठतो. “ताई, एवढ्याशा पोराला ह्या मारामारीत काय गोडी वाटते, मला कळत नाही. मी काय करू?” असं त्यांनी विचारलं आहे.

अशा पत्रांना माझं उत्तर ठरलेलं असतं. वेळ ठरवून द्या, जेवताना मोबाईल नको, मैदानावर पाठवा. ह्या वेळीही तेच लिहायला बसले होते, पण ‘रणगाडा’ हा शब्द वाचला आणि हात थबकला. कारण मैत्रिणींनो, हा खेळ मी खेळले आहे. चांगली दोन वर्षं, रोज दुपारी, आईचा ओरडा खात खात खेळले आहे! आणि गेल्या दिवाळीत त्याचाच नवा अवतार भाच्याच्या हातात पाहिला, तेव्हा बरंच काही उलगडलं. तेच आज सांगते. त्यातच श्रीरामपूरच्या भगिनीला उत्तर मिळेल.

माझं माहेर नगरचं. २०२४ साली शहराचं नि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण माहेर म्हटलं की तोंडात ‘नगर’च येतं. नगरच्या पोरांना रणगाडा काही नवलाचा नाही. लष्कराच्या चिलखती दलाचं केंद्र आणि शाळा १९४८ पासून आमच्या गावात आहे. के. के. रेंजवर सराव चालला आणि वारा आमच्या बाजूचा असला की लांबून धडाडधूम ऐकू यायचं. आजी म्हणायची, “मिरच्या वाळत घातल्यात, पाऊस नाही ना गं?”

१९९४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, व्हिडिओ गेम आणला. मी अकरा वर्षांची, धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. लाल-पांढऱ्या रंगाचं एक डबडं, त्याला वायरीने जोडलेले दोन रिमोट आणि एक जाडजूड कॅसेट. कॅसेट लागली नाही की बाहेर काढायची, तोंडाने फूऽऽ करून फुंकायची आणि परत दाबायची. टीव्हीवर चॅनल जुळवता जुळवता अर्धा तास जायचा. तापलेल्या ट्रान्सफॉर्मरला हात लावून आई रोज बजावायची, “टीव्हीची पिक्चर ट्यूब जाणार हं! मग बसा रेडिओ ऐकत.” आणि रंगात आलेला डाव लाईट गेली की संपायचा. तो साठवून ठेवायची सोय नव्हती. परत पहिल्यापासून.

त्या कॅसेटमध्ये खेळ पुष्कळ होते, पण आमच्या घरी चालायचा तो एकच, ‘टँक’. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पडद्याच्या खालच्या बाजूला मधोमध विटांच्या छोट्याशा भिंतीत एक पक्षी बसलेला असतो. तो गरुड, म्हणजे आपलं ठाणं. वरून एकामागून एक वीस शत्रू-रणगाडे येतात. कुणी साधे, कुणी पळणारे, कुणी असे जाड कातडीचे की चार गोळे बसल्याशिवाय मरत नाहीत. विटांची भिंत गोळ्याने फुटते, पोलादाची फुटत नाही. झाडीत लपता येतं, बर्फावर घसरायला होतं. मधूनच चमकणारा रणगाडा मारला की बक्षीस मिळतं. फावडं मिळालं की गरुडाभोवती थोडा वेळ पोलादी भिंत, घड्याळ मिळालं की शत्रू जागच्या जागी थिजले. वीसच्या वीस संपले की पुढची पायरी. अशा पस्तीस पायऱ्या.

आपले तीन जीव असतात, पण गरुड मेला की सगळे जीव शिल्लक असूनही खेळ खलास. आणि गंमत म्हणजे तो शत्रूच्याच गोळीने मरतो असं नाही. आपलीच गोळी चुकून लागली तरी मरतो! आमच्याकडे निम्म्या वेळा तसंच व्हायचं. आई दारात उभी राहून बघायची. तिला तो गरुड कधी गरुड वाटलाच नाही. म्हणायची, “अरे, लढाया कसल्या करताय? आधी त्या कोंबडीकडे बघा!” तेव्हापासून आमच्या घरी तो गरुड ‘कोंबडी’च झाला.

दोघांना मिळून एकाच वेळी खेळता यायचं. पहिला रिमोट पिवळ्या रणगाड्याचा, दुसरा हिरव्याचा. पिवळा भावाचा, हिरवा माझा. हे कुणी ठरवलं? कुणीच नाही. ते तसंच होतं. भाऊ वर जाऊन शत्रूवर तुटून पडायचा आणि मी कोंबडीपाशी पहारा करायची. भावाला माझी गोळी लागली तर तो मरत नसे, नुसता थोडा वेळ जागच्या जागी अडकून पडे. मग काय, “तायडे, मुद्दाम मारलंस!” “मी नाही, तूच मधे आलास!” झालंच महाभारत सुरू.

आणि एक गोष्ट. पहिल्या रिमोटवर ‘स्टार्ट’चं बटण होतं, दुसऱ्यावर नव्हतं. त्या यंत्राची रचनाच तशी होती. मूळ जपानी यंत्रातसुद्धा दुसऱ्या रिमोटला ते बटण नव्हतं आणि आपल्याकडे विकल्या गेलेल्या नकलांत तेच उचललेलं होतं. म्हणजे खेळ सुरू कधी करायचा, मधे थांबवायचा की नाही, हे सगळं पहिल्या रिमोटवाल्याच्या हातात. मी नुसती तयार बसायची. ह्या बटणाचा मला तेव्हा राग आला होता का? आठवत नाही. बहुधा आलाच नव्हता.

आता गेल्या दिवाळीत या. भाऊ पुण्याहून मुलाला आणि बायकोला घेऊन आईकडे आला होता. मी माझ्या लेकीला घेऊन भाऊबीजेच्या दोन दिवस आधीच गेले. खरं सांगायचं तर जायची फारशी उमेद नव्हती. अण्णा जाऊन तीन वर्षं झाली आणि त्यातली दोन वर्षं आम्हा भावंडांचं बोलणं फोनवरच्या ‘हो’ आणि ‘बरं’पुरतं उरलं होतं. कारण तेच, घरोघरचं. भावाचं म्हणणं, घर विकून आईला पुण्याला न्यावं, आणि त्यासाठी मी हक्कसोड पत्रावर सही करावी. माझं म्हणणं, घर ठेवावं. त्याने कागद पाठवला, मी तो कपाटात ठेवला. दोघांनीही पुढे विषय काढला नाही.

तर भाचा, आठ वर्षांचा, झोपाळ्यावर पालथा पडून मोबाईलवर काहीतरी खेळत होता. आवाजावरून मी डोकावले, तर रणगाडे! तीच वरून दिसणारी मांडणी, त्याच विटा. मला कोण आनंद झाला! म्हटलं, “दे रे, आत्याला दे. आत्या ह्यात पटाईत आहे.”

मैत्रिणींनो, पाच मिनिटांत माझी फजिती झाली. बोटाखाली बटण नाही, नुसती गुळगुळीत काच. रणगाडा मेला की आधी जाहिरात बघायची, मग पुढचा जीव. मोठी तोफ हवी तर नाणी हवीत, आणि नाणी हवीत तर खरे पैसे. पण खटकलं ते वेगळंच. मी विचारलं, “अरे, कोंबडी कुठाय?” तो म्हणाला, “कसली कोंबडी?” त्याच्या खेळात सांभाळायला काही नव्हतंच. नुसतं मारत सुटायचं. आणि दुसरा रणगाडाही नव्हता. तो एकटा.

मी लगेच सुरू झाले, “आमच्या वेळचा खेळ अस्सल होता बाई! हे काय नकली?” भाऊ पेपर वाचत होता. पेपर खाली न घेताच म्हणाला, “ताई, आपला तरी अस्सल कुठे होता?”

तो कॉम्प्युटरच्या क्षेत्रातला. त्याने सांगितलं ते ऐकून मी गारच झाले. नॅमको नावाच्या जपानी कंपनीने १९८० साली ‘टँक बटालियन’ नावाचा खेळ काढला होता, दुकानांत नाणं टाकून खेळायच्या यंत्रांसाठी. त्यातही विटा होत्या, गरुड होता. १९८५ मध्ये त्याच कंपनीने तो खेळ घरच्या यंत्रासाठी नव्याने बांधला, त्याचं नाव ‘बॅटल सिटी’. पोलादी भिंती, पाणी, बर्फ, बक्षिसं ही भर त्यात पडली आणि मुख्य म्हणजे दोघांनी एकाच वेळी शेजारी बसून खेळायची सोय आली. पुढे कुणीतरी त्याचीही विनापरवाना फिरवाफिरव केली, ‘टँक १९९०’ ह्या नावाने. त्यात पाण्यावरून जायला होडी मिळायची. “आठवतेय का होडी?” भावाने विचारलं. आठवत होती तर! म्हणजे आम्ही ज्याला अस्सल म्हणत होतो ती नव्या अवताराची नक्कल होती, आणि तीही नकली डबड्यावर.

तेव्हा जुनं ते सोनं आणि नवं ते पितळ, असा काही हिशेब नाही. १९८५ साली ज्यांनी खेळ नव्याने बांधला त्यांनी त्यात शेजाऱ्यासाठी एक जागा वाढवली. भाच्याच्या मोबाईलवरचा खेळ ज्यांनी बांधला त्यांनी ती जागा काढून टाकली. फरक एवढाच, पण केवढा मोठा!

दुसऱ्या दिवशी भाऊ बाजारातून टीव्हीला लावायचं एक बोटाएवढं यंत्र घेऊन आला. त्यात जुने खेळ भरलेले आणि सोबत दोन रिमोट, बिनवायरचे. भाऊबीजेला ओवाळून झालं आणि बसलो. मी सवयीने दुसरा रिमोट उचलला. माझी लेक बारा वर्षांची. ती चटकन म्हणाली, “आई, तू दुसराच का घेतलास?”

मला उत्तर देता येईना. आता दोन्ही रिमोटना स्टार्टचं बटण आहे, तरी माझा हात दुसऱ्याकडेच गेला. भावाने माझ्याकडे पाहिलं, आपल्या हातातला रिमोट मला दिला आणि हिरवा रणगाडा घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तो कोंबडीपाशी उभा राहिला आणि मी वर गेले. तीन पायऱ्या झकास पार पडल्या. चौथीत एक शत्रू भिंतीपाशी घुसला, भाऊ घाबरून वळला आणि त्याचीच गोळी कोंबडीला लागली.

स्वयंपाकघरातून आई आली. “मेली वाटतं कोंबडी? कुणी मारली?”

“मीच,” भाऊ म्हणाला.

कुणी हसलं नाही. आई पदराला हात पुसत तिथेच बसली आणि म्हणाली, “तुम्ही दोघं दोन वर्षं कागदावरून धुसफुसताय. तो म्हणतो विकायचं, ही म्हणते ठेवायचं. ह्या घरात राहते मी. मला कुणी विचारलंय का, माझ्या मनात काय आहे?”

मैत्रिणींनो, माझी मान खाली गेली. स्टार्टचं बटण भावाकडे आहे म्हणून मी मनात कुढत होते, पण आईच्या हातात तर रिमोटच नव्हता आणि ते मला दिसलं नव्हतं. कायद्याचं म्हणाल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, वडिलांचं स्वकष्टार्जित घर असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर पत्नी, मुलगा आणि मुलगी ह्यांचा हिस्सा सारखा. म्हणजे आमच्या घरात आईचा तिसरा हिस्सा. हक्कसोड पत्रावर सही करायची कुणावर सक्ती नाही, आणि करायचीच तर कागद वाचून, वकिलाला दाखवून करावी. हे मी ह्याच सदरात तुम्हाला लिहिलं असतं आणि घरात मात्र आईचा हिस्सा विसरले होते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मुलांना रणगाडा संग्रहालयात नेलं. फराहबागेजवळचं हे संग्रहालय १९९४ च्या फेब्रुवारीत सुरू झालं, म्हणजे आमच्या व्हिडिओ गेमच्याच वर्षी. त्या वर्षी अण्णांनी आम्हाला इथे आणलं होतं. देशोदेशीचे रणगाडे मोकळ्यावर मांडलेले आहेत. रोल्स-रॉइसची जुनी चिलखती गाडी आहे, आपल्या सैन्याचे सेंच्युरियन आणि विजयंता आहेत, युद्धात पकडलेला पॅटन आहे. भाचा सेंच्युरियनभोवती दोन फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, “ह्यात खेळणारा कुठे बसतो?”

भावाने त्याला समजावलं. ह्यात चौघे बसतात. एक चालवतो, त्याला फक्त पुढचं थोडंसं दिसतं. एक नेम धरतो. एक तोफेत गोळा भरतो. चौथा वरून चहूकडे बघतो आणि बाकीच्यांना सांगतो. चालवणाऱ्याला वरच्याचं ऐकू आलं नाही तर पन्नास टनांचा हा डोंगर खड्ड्यात जाईल. एकट्याने रणगाडा चालत नाही. भाचा बराच वेळ बोटं मोजत उभा होता.

मग मी मुलांना अरुण खेत्रपालची हकीकत सांगितली. जन्म पुण्याचा. १९७१ साली नगरलाच नव्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणक्रमाला होते, तिथून युद्धावर बोलावणं आलं. १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत रणगाड्याने पेट घेतला, मागे येण्याचा हुकूम झाला, तरी तोफ चालतेय म्हणून ते हटले नाहीत. वय एकवीस. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांचा ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन नगरच्याच केंद्रात जतन केला आहे. लेकीने विचारलं, “आणि त्यांची आई?” मी म्हटलं, “होती ना. घरी वाट बघत होती.” त्यानंतर कुणी फार बोललं नाही. खऱ्या रणगाड्यात जीव तीन नसतात, हे वेगळं सांगायला लागलं नाही.

आता श्रीरामपूरच्या भगिनीसाठी, आणि तुम्हा सगळ्यांसाठीच, चार घरगुती गोष्टी.

पहिली: मोबाईल हिसकावण्याआधी एकदा त्याच्याशेजारी बसा आणि म्हणा, “मला शिकव.” तुम्ही हराल, ते चांगलंच आहे. मूल कधी नव्हे ते तुमचं गुरू होतं आणि गुरूला बोलावंच लागतं. एकच मोबाईल असेल तर एक जीव त्याचा, एक तुमचा, असं आळीपाळीने खेळा. ज्या खेळात दुसरी जागा नाही, तिथे ती आपण करायची.

दुसरी: “आत्ताच्या आत्ता बंद कर” म्हणू नका. “हा डाव संपला की ठेवायचा” म्हणा, आणि किती डाव ते आधी ठरवा. रंगात आलेला डाव मधेच तोडला की मूल चिडतं. आपण भाकरी तव्यावर टाकली असताना कुणी गॅस बंद केला तर आपण नाही का चिडत?

तिसरी: ज्या मोबाईलवर मूल खेळतं त्यावरून पैसे भरले जाणार नाहीत एवढं पाहा. खरेदीला पासवर्ड लावून घ्या आणि तो मुलाला सांगू नका. जमलं तर खेळ टीव्हीवर लावा. डोळ्यांपासून लांब राहतो आणि घरातल्या चौघांना दिसतो.

चौथी, रविवारच्या दुपारसाठी: चौकटीच्या वहीवर तेरा घरं आडवी नि तेरा उभी आखा. जुन्या खेळाचं मैदान तेवढंच होतं आणि त्यात आपलं मैदान आपण रचायचीही सोय होती. तांबड्या पेन्सिलीने विटा, निळ्याने पाणी, खाली मधोमध कोंबडी. रिकाम्या काडेपेट्यांचे रणगाडे करा, फाशाने पुढे सरकवा. माझ्या लेकीने आणि भाच्याने अशी नऊ मैदानं केली आणि मोबाईल दोन तास उशीखाली पडून होता. आणि हो, घरात मुलगा-मुलगी दोघं असतील तर पहिला रिमोट रोज अदलाबदल करून द्या. न सांगता काहीही ‘तसंच’ ठरू देऊ नका.

आमच्या घराचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. अजून काहीच ठरलं नाही. कागद कपाटातच आहे, पण आता दर रविवारी सकाळी आम्ही तिघं फोनवर बसतो आणि आधी आई बोलते. तिच्या मनात दोन्हीही नाही असं दिसतंय. वरचा मजला भाड्याने द्यावा आणि थंडीचे दोन महिने पुण्याला जावं, असं तिचं चाललंय. हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

तुमच्या घरी स्टार्टचं बटण कुणाच्या हातात आहे? जरूर लिहा. पत्राच्या पाकिटावर सदराचं नाव घालायला विसरू नका.